पार्श्वभूमी : विक्काची आठ शब्दांची नीती

३ ऑक्टोबर १९६४. इंग्लंडमध्ये ‘विचक्राफ्ट रिसर्च असोसिएशन’ या नव्या संस्थेची मेजवानी होती आणि डोरीन व्हॅलिएन्टे भाषणाला उभ्या होत्या. विक्का हा निसर्गपूजक धर्म ज्यांनी लोकांसमोर आणला ते जेरल्ड गार्डनर त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. मागे राहिलेल्या गटांचे आपसात पटत नव्हते आणि त्यांना एकत्र आणण्याची या संस्थेची धडपड चालली होती. व्हॅलिएन्टेबाईंनी भाषणात एक यमकातली जोडओळ म्हटली. तिचा उत्तरार्ध असा : ‘ॲन इट हार्म नन, डू व्हॉट यी विल’. म्हणजे, कुणाला इजा होणार नसेल, तर तुला हवे ते कर. मुळात शब्द आठच.

आज विक्काची ओळख करून देणारे कोणतेही पुस्तक उघडा, ‘विक्कन रीड’ (रीड म्हणजे सल्ला) या नावाने ही ओळ सुरुवातीलाच भेटते. पुष्कळदा तिला प्राचीन म्हटलेले असते. पण या शब्दांतली तिची पहिली नोंद त्या १९६४च्या भाषणाचीच आहे.

विक्का म्हणजे विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला, देव आणि देवी दोघांना मानणारा निसर्गपूजक धर्म. अनुयायी स्वतःला ‘विच’ म्हणवतात. आपल्या गोष्टींतली चेटकीण डोळ्यांसमोर आणली, तर पुढचे काहीच नीट कळणार नाही. गार्डनर (जन्म १८८४) यांची उमेदीची वर्षे सिलोनच्या चहामळ्यांत, मग मलायातल्या रबराच्या मळ्यांत आणि कस्टम्सच्या नोकरीत गेली. १९३६मध्ये ते मायदेशी परतले. १९३९मध्ये न्यू फॉरेस्ट भागातल्या एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे ते सांगत. त्यांच्या सांगण्याला आधार होता मार्गारेट मरे यांच्या सिद्धांताचा. कोलकात्यात जन्मलेल्या या विदुषीने १९२१च्या ग्रंथात मांडले होते की, युरोपात चेटकीण म्हणून मारले गेलेले लोक ख्रिस्तपूर्व धर्माचे छुपे उपासक होते. इतिहासकारांनी हे केव्हाच मोडीत काढले आहे, पण गार्डनरांच्या पंथाला त्यातून तयार वंशावळ मिळाली.

मग नीतिनियम हवा कशाला? एक कारण कायद्याचे होते. १७३५च्या ‘विचक्राफ्ट ॲक्ट’ने जादूटोण्याला गुन्हा मानणे सोडले, पण आपल्याकडे अशी शक्ती असल्याचा दावा करणे गुन्हा ठरवले. या कायद्याखाली १९४४मध्ये हेलन डंकन या मृतात्म्यांशी बोलणारे माध्यम म्हणवणाऱ्या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली होती. १९५१मध्ये तो रद्द झाला आणि १९५४मध्ये गार्डनरांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ छापले. आता उघडपणे बोलता येत होते. बोलायला लागताच रविवारच्या खमंग वृत्तपत्रांनी सैतानपूजा, नग्न नाच, बळी असे मथळे सुरू केले. आम्ही कुणाचे वाईट करत नाही, हे चार शब्दांत सांगणे भागच होते.

१९५९च्या ‘द मीनिंग ऑफ विचक्राफ्ट’मध्ये गार्डनरांनी ते सांगितले, आणि हा तपशील मला सगळ्यांत मजेदार वाटतो. विच मंडळींची नीती साधारण ‘भल्या राजा पोझोल’सारखी, असे ते लिहितात : कुणाला इजा होत नाही तोवर हवे ते करा. हा पोझोल कोणी केल्टिक ऋषी नव्हे. पिएर लुईस या फ्रेंच लेखकाच्या १९०१च्या चावट कादंबरीतला, मोठा जनानखाना बाळगणारा ऐदी राजा आहे तो. त्याच्या राज्यात कायद्याची कलमे दोनच : शेजाऱ्याला त्रास देऊ नकोस, आणि हे नीट समजले की मग वाटेल ते कर. एका धर्माच्या मुख्य वचनाची उगमरेषा अशी विनोदी कादंबरीपर्यंत जाते.

दुसरी रेषा अलेस्टर क्रोलीकडे जाते. या बदनाम गूढवाद्याने १९०४मध्ये कैरोत लिहिलेल्या ग्रंथात ‘तुझी इच्छा असेल ते कर, हाच सगळा कायदा’ असे म्हटले होते. त्याला अभिप्रेत इच्छा म्हणजे लहर नव्हे, तर माणसाच्या जन्माचे खरे प्रयोजन. गार्डनर त्याला १९४७मध्ये, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी भेटले आणि त्याचे बरेच लेखन त्यांनी विधींत उचलले. १९५३मध्ये दीक्षा घेतलेल्या व्हॅलिएन्टेबाईंनी ही उचल लगेच ओळखली. क्रोलीचे नाव चिकटले तर पंथाला कोणी दारात उभे करणार नाही, हे जाणून त्यांनी विधींचा मोठा भाग पुन्हा लिहिला. ‘कुणाला इजा न करता’ ही अट क्रोलीच्या वाक्यात नाही. विक्काच्या वाक्याचा सगळा भार मात्र तिच्यावरच आहे.

नवशिक्यांना रीडपाठोपाठ भेटतो तो ‘तिपटीचा नियम’ : जे कराल ते तिप्पट होऊन परत येईल. मराठी वाचक म्हणेल, हे तर आपले करावे तसे भरावे. थिऑसॉफिकल सोसायटीमुळे ‘कर्म’ हा शब्द इंग्लंडातल्या गूढवाद्यांच्या तोंडी आधीपासून होताच. तरी या नियमाचा आरंभ निराळा आहे. गार्डनरांच्या १९४९च्या ‘हाय मॅजिक्स एड’ या कादंबरीत दीक्षाविधीत उमेदवाराला चाळीस फटके मिळतात आणि तो एकशेवीस परत करतो. तेव्हा त्याला बजावले जाते की, चांगले मिळाले तर तिप्पट चांगले परत करायला तू बांधील आहेस. म्हणजे मुळात हे माणसाचे कर्तव्य होते. विश्व आपल्या कर्मांचा हिशेब तिपटीने ठेवते, ही समजूत पुढे रूढ झाली. ती रुजवण्यात १९६०च्या दशकात हा पंथ अमेरिकेत नेणारे रेमंड बकलंड यांचा हात मोठा.

‘प्राचीन’ नियम गरजेनुसार कसे निघत, याचा नमुना १९५७चा. गार्डनरांची प्रसिद्धीची हौस आवरावी म्हणून व्हॅलिएन्टेबाई आणि सोबत्यांनी काही नियम सुचवले. गार्डनरांनी उत्तर दिले की नियम आधीपासून आहेतच, आणि जुन्या धाटणीच्या भाषेतली एक यादी पुढे केली. वय वाढले की प्रमुख पुजारिणीने तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी, असेही तीत होते. ही यादी आधी कोणी पाहिली नव्हती. बाई गट घेऊन बाहेर पडल्या.

१९७५मध्ये अमेरिकेतल्या ‘ग्रीन एग’ मासिकात ग्वेन थॉम्पसन यांनी सव्वीस जोडओळींचे लांबलचक ‘रीड’ छापले आणि ते १९४६मध्ये वारलेल्या आपल्या आजीकडून आल्याचे सांगितले. शेवटी तीच आठ शब्दांची ओळ. आजीचा दावा सिद्ध झालेला नाही.

त्याआधी, एप्रिल १९७४मध्ये, मिनियापोलिसला जमलेल्या अमेरिकन विचांच्या परिषदेने तेरा तत्त्वे ठरवली होती. आम्ही ख्रिस्ती कल्पनेतला सैतान मानत नाही, दुसऱ्याच्या दुःखातून शक्ती मिळवत नाही, अशी ती विधाने आहेत. परिषद लवकरच विसर्जित झाली, तत्त्वे मात्र १९७८मध्ये अमेरिकी लष्कराच्या धर्मगुरूंसाठीच्या मार्गदर्शिकेत पोचली. १९८६मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका कैद्याच्या खटल्यात विक्काला धर्म म्हणून मान्यता दिली.

इजा कशाला म्हणायचे, हे मात्र आठ शब्दांत कुठेच नाही. आणि रीड हा शेवटी सल्लाच. तो आज्ञेसारखा पाळायचा की विवेकाने तोलायचा, यावरही एकमत नाही. खुद्द गार्डनर अभिमानाने सांगत की १९४० साली न्यू फॉरेस्टच्या विचांनी हिटलरची स्वारी थोपवण्यासाठी विधी केला होता. फेब्रुवारी २०१७मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांना ‘बांधून ठेवण्याचा’ सामूहिक मंत्रविधी झाला, तेव्हा वाद पुन्हा पेटला. काही विक्कन म्हणाले, हे दुसऱ्याच्या इच्छेवर आक्रमण आहे, आम्ही येणार नाही. बाकीच्यांचे म्हणणे होते की इजा करणाऱ्याचा हात धरणे म्हणजे इजा नव्हे.