कुत्र्याचा घास: फोडणीआधीचा आणि फोडणीनंतरचा

थंडी पडली की जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या सुकलेल्या काट्यांवर भाजायची, सोलून लाकडी मुसळीनं ठेचायची. वर तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मूठ-मूठ कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. माणसं जेवत असतात तेव्हा रखवालीचा कुत्रा बांधावर पुढचे पाय पसरून बसलेला असतो. पंगत उठली की पातेल्याला चिकटलेलं भरीत भाकरीच्या तुकड्यांसकट त्याच्यापुढे येतं. आमच्या शेतातल्या काळ्यानं असे किती हिवाळे काढले असतील.

एका जानेवारीत त्या पार्टीतलं उरलेलं भरीत डब्यात भरून आम्ही भुसावळच्या घरी आणलं. घरात चिनू होती, चार किलोची पॉमेरेनियन. दोन दिवस तिला भाकरीत भरीत कालवून दिलं, आवडीनं खाल्लं तिनं. चौथ्या दिवशी सकाळी ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच थांबली आणि खाली बसली. ओठ वर करून पाहिलं तर एरवी गुलाबी असणारी हिरडी खडूसारखी पांढुरकी झाली होती. बाल्कनीतल्या फरशीवर तिनं केलेली लघवी दूध न घातलेल्या चहाच्या रंगाची होती. ज्या डॉक्टरांकडे आधी नेलं त्यांनी गोचीड ताप धरून इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आधीच विचारलं, "कांदा खाल्ला का हिनं?" चिनू वाचली. पण शेतात आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काळ्या जन्माचा खातोय, काही व्हत नई त्याले."

आप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. एकाच पातेल्यातलं भरीत, एकाला काही झालं नाही आणि दुसरी मरता मरता वाचली. हे कोडं सोडवायला बरंच मागं जावं लागतं.

कुत्रा माणसाच्या ताटातलं खातो ही गोष्ट शेतीइतकी तरी जुनी आहेच. तापीकाठचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ इथल्या उत्खननांत ताम्रपाषाण काळातल्या शेतकरी वस्त्या मिळाल्या. थोडं दक्षिणेला, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या मूर्तींचा जो ठेवा सापडला त्यात बैल जुंपलेला रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि जुवाकडे जाणाऱ्या दांडीवर कुत्रा. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या गाडीबरोबर चालणारा कुत्रा तेव्हाही होता, असंच ते पाहून वाटतं.

हजारो वर्षं धान्य खाणाऱ्या माणसाजवळ राहून कुत्र्याचं शरीरही बदललं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांचे जनुक ताडून पाहिले. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे ज्वारीची भाकरी, भात, पोळी पचवायची सोय त्याच्याकडे आहे. 'कुत्र्याला भाकरी घालू नका, त्याला फक्त मांस लागतं' असं आता शहरात कुणी ठासून सांगतं, तेव्हा मला हे जनुक आठवतात. भाकरीशी त्याची सोयरीक फार जुनी आहे. कांदा, लसूण, चिंच, द्राक्षं यांच्याशी ती जमली नाही.

आपल्या परंपरेत कुत्र्याचा वाटा काढून ठेवलेला आहे. श्राद्धाच्या पंचबलीत गोग्रास, काकबली यांच्या जोडीला श्वानबली असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घराघरांत माहीत आहेत. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला पितरांची घागर भरली जाते, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली जाते, आणि त्या दिवशी दारातल्या कुत्र्यालाही गोडाचं मिळतं. यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पितरांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. म्हणजे धर्मानं सांगितलेला कुत्र्याचा घास हा कांदा न पडलेल्या रांधणातला होता. रोजचा घासही बहुतेक घरांत शिळी भाकरी आणि ताकाचा असायचा. कालवण माणसांनाच पुरत नसे, ते कुत्र्याला कुठून मिळणार? कुत्र्याला कांदा बाधतो हे ओळखून कुणी ही रीत घातली, असा दावा मी करणार नाही. सोवळं आणि गरिबी यांनी मिळून त्याला वाचवलं, इतकंच.

तेव्हा 'कुत्र्याचं विष' म्हटलं की लोकांना एकच वस्तू आठवायची, कुचला. कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन १८१८ मध्ये फ्रान्समध्ये वेगळं काढलं गेलं, आणि पुढे मोकाट कुत्री मारायला ते आपल्याकडच्या नगरपालिकांनीही वापरलं. जुन्या लोकांना अजून आठवतं, सकाळी रस्त्याच्या कडेला ताठ झालेली कुत्री. २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्मनियंत्रण नियम आले आणि मारण्याऐवजी नसबंदी करून सोडायचं ठरलं. विषाची अशी ओळख असलेल्या माणसाला चुलीजवळच्या टोपलीतला कांदा विष कसा वाटावा?

कांद्याची ओळख पटायलाही वेळच लागला. १८९० मध्ये जर्मनीत रॉबर्ट हाइन्झ यांनी काही रसायनांमुळे बिघडलेल्या तांबड्या पेशींत कडेला चिकटलेले ठिपके पाहिले, त्यांना आज हाइन्झ बॉडी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुरांना कांद्यानं विषबाधा होते हे पशुवैद्यकात नोंदलं गेलं. भाव पडल्यावर साक्री-पिंपळनेरकडे कांद्याचे ढीग बांधावर टाकावे लागतात, त्या भागातल्या शेतकऱ्यानं हे जरूर ध्यानात ठेवावं, कारण कांदा गाईलाही बाधतो. कुत्र्यांबद्दलचा स्पष्ट पुरावा १९३० चा. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतले विल्यम सेब्रेल यांनी कुत्र्यांना कांदा खाऊ घातला आणि त्यांच्यात रक्तक्षय झालेला दाखवून दिला.

होतं ते असं. कांदा-लसूण चिरला, चावला की त्यातली गंधकयुक्त संयुगं मोकळी होतात. ती कुत्र्याच्या तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला गंजवतात, असं म्हटलं तरी चालेल. बिघडलेलं हिमोग्लोबिन गोळा होऊन हाइन्झचे ते ठिपके बनतात, पेशी फुटतात, फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो. शिजवून, तळून किंवा वाळवून ही संयुगं जात नाहीत. कच्चा कांदा, पात, लसूण, भाजून वाटलेला कांदा, सगळं एकाच माळेतलं. आणि यातली सर्वांत फसवी बाब म्हणजे वेळ. उलटी-जुलाब झालेच तर पहिल्या दिवशी, पण रक्त उतरल्याची लक्षणं दिसायला एक ते पाच दिवस जातात. मंगळवारी खाल्लेल्या भरिताचा शुक्रवारच्या थकव्याशी संबंध कोण जोडणार? त्यात आपल्याकडे गोचीड तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लाल होते. गावाकडची कांद्यानं दगावलेली कितीतरी कुत्री गोचिडांच्या खात्यात गेली असतील, असं माझं मत आहे.

आता काळ्याचं आणि चिनूचं कोडं. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर बाधा दिसू लागते, असा पशुवैद्यकातला आडाखा आहे. वीस किलोच्या काळ्याला त्यासाठी शंभर ग्रॅम, म्हणजे एक चांगला मोठा कांदा लागेल. चार किलोच्या चिनूला वीस ग्रॅम पुरे. शिवाय काळ्याला भरीत मिळायचं पार्टीच्या दिवशी, पातेलं पुसण्यापुरतं. चिनूला दोन दिवस रोज मिळालं, आणि थोडा थोडा रोज दिलेला कांदाही साठत जाऊन तेच करतो. म्हणजे आप्पा त्यांच्या कुत्र्याबद्दल खरं बोलत होते. त्यांची पारख वीस किलोच्या गावठी कुत्र्यावर बेतलेली होती. घरात, सोफ्यावर, माणसांच्या जेवणाच्या वेळा पाळणारा चार किलोचा कुत्रा त्यांच्या अनुभवात नव्हता.

स्वयंपाकही बदलला. खान्देशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात भाजलेला कांदा-लसूण पूर्वीपासून आहेच, पण शेवभाजी आता आठवड्यातून दोनदा होते आणि रस्सा उरतो. वर सुकवलेला कांदा आला. जळगाव परिसरात कांदा सुकवण्याचा मोठा उद्योग उभा राहिला, त्यातून शेतकऱ्याला बाजारपेठ मिळाली हे चांगलंच झालं. पण किलोभर पावडरीत साधारण आठ-दहा किलो ओला कांदा सामावलेला असतो. वेफर्स, नूडल्सचा मसाला, तयार सूप यांत ती पावडर असते आणि मूल प्रेमानं कुत्र्यापुढे अर्धं पाकीट रिकामं करतं.

द्राक्षांचा इतिहास आणखी अलीकडचा आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुरू झाला नाही, फोनवर झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्राण्यांच्या विषबाधेसाठी फोन केंद्र सुरू झालं, ते पुढे एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेकडे गेलं. तिथल्या डॉक्टरांना १९९० च्या दशकाच्या शेवटी नोंदी चाळताना दिसलं की द्राक्षं किंवा मनुका खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतायत. २००१ मध्ये त्यांनी ते पशुवैद्यकांच्या नियतकालिकात मांडलं. द्राक्षातलं नेमकं काय बाधतं, हे पुढची वीस वर्षं कुणाला सापडलं नाही. एक कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहायचा, दुसरा चार दाण्यांनी आडवा व्हायचा.

धागा सापडला तो मुलांच्या खेळण्याच्या घरगुती मातीत. तिच्यात क्रीम ऑफ टार्टर घालतात. ती माती खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखी बिघडली. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि हे आम्ल द्राक्षात भरपूर. २०२१ मध्ये हा संशय छापून आला. द्राक्षाची जात आणि पिकलेपण यांनुसार आम्ल कमी-जास्त होतं, म्हणून परिणामही कमी-जास्त दिसत होता.

आता खान्देशी वाचकानं जरा थांबावं. टार्टारिक आम्ल द्राक्षाहून कितीतरी जास्त असलेलं फळ आपल्या बांधाबांधावर उभं आहे, ते म्हणजे चिंच. त्याच संशोधकांनी २०२२ मध्ये क्रीम ऑफ टार्टरबरोबर चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. फाल्गुनात आमच्या ओट्यावर बायका चिंच फोडत बसतात. एका हाताखाली टरफलांचा ढीग, दुसऱ्या हाताखाली चिंचोके, आणि मीठ लावून थापलेले गोळे सुपात उन्हाला ठेवलेले. नुसती आंबट चिंच कुत्रा हुंगून सोडतो. गूळ घालून केलेला चिंचेचा कोळ, पाणीपुरीचं गोड पाणी, मीठ-साखरेच्या चिंचगोळ्या मात्र तो चाटून पुसून खातो. आजवर आपल्या घरांत चिंचेकडे या नजरेनं कुणी पाहिलंच नव्हतं. आता सूप उंचावर ठेवायला हवं. शिऱ्यातल्या, प्रसादातल्या मनुकांचंही तेच.

चॉकलेटबद्दल आता शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून निम्मं कमी व्हायला सतरा-अठरा तास लागतात, तोवर काळीज धडधडत राहतं. चहा पावडर आणि कॉफीतलं कॅफिन त्याचंच भावंड. साखर नसलेल्या च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्याच्या स्वादुपिंडाला फसवून भसकन इन्सुलिन सोडायला लावतं. मधुमेहाच्या आहारामुळे ते आता तालुक्याच्या दुकानांतही पोचलंय, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत.

विष नसूनही मारणाऱ्या वस्तू मात्र आपल्याकडे जुन्याच आहेत. आखाजीच्या आमरसानंतर उकिरड्यावर पडलेल्या कोया, दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस, शिजवल्यानं ठिसूळ होऊन टोकदार फुटणारी कोंबडीची हाडं. कोय आतड्यात अडकली की कुत्रा खाल्लेलं सारखं उलटून टाकतो, पोट फुगतं, आणि ऑपरेशनशिवाय ती निघत नाही. केळ्याचा पट्टा असल्यानं लोक मला नेहमी केळ्याचं विचारतात. केळं चालतं, साल देऊ नये.

घरगुती उपायांतही दुखण्यात भर घालणारे उपाय आहेत. जंतांवर लसूण, ऊन लागल्यावर कांद्याचा रस. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात माणूस खिशात कांदा ठेवतो, तीच माया कुत्र्यावर केली जाते. काही चुकीचं खाल्लं की उलटी काढायला मिठाचं पाणी पाजतात. ते मीठच मेंदूवर सूज आणू शकतं. त्याऐवजी काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन काय, हे कागदावर लिहून डॉक्टरकडे न्यावं. पहिल्या तास-दोन तासांत डॉक्टर स्वतः औषधानं उलटी काढू शकतात. कांद्याच्या बाबतीत मागच्या पाच दिवसांचं जेवण आठवून सांगावं.

आप्पा अजून शेतात भरीत करतात. काळ्या गेला, त्याच्या जागी दुसरा आलाय. गेल्या पौषात वांगी सोलून झाली तेव्हा त्यांनी एक वांगं भाकरीत कुस्करून बाजूला काढलं, ताक ओतलं, आणि मग मला म्हणाले, "हं, आता चिर पात."