बाजार हलवणारी कंपनी कुठली? ट्रान्झिस्टरपासून इअरबडपर्यंतची पार्श्वभूमी

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा आणि बीएल-५सी बॅटरी मागा, लगेच काढून देतात. ही मुळात नोकियाच्या साध्या फोनची बॅटरी. नोकियाने फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं २०१३ मधे जाहीर केलं, त्याला आता दशक उलटून गेलं, पण भजनं वाजवणारे छोटे स्पीकर, चायनाचे एफएम रेडिओ, साधे कीपॅडवाले फोन, ह्यातल्या कितीतरी वस्तूंचं मागचं झाकण उघडलं की आत त्याच मापाची बॅटरी निघते, वरचं नाव तेवढं वेगळं. कोणी सक्ती केली नव्हती. नोकियाचे फोन एवढे खपले की ती बॅटरी गल्लोगल्ली मिळायला लागली, मग दुसऱ्याने स्वतःचं वेगळं माप काढून करायचं काय?

ट्रेंडसेटर कंपनी ओळखायची मला तरी हीच सगळ्यात खात्रीची खूण वाटते, की तिच्यामुळे बाकीच्यांना आपला माल बदलावा लागतो, आणि नंतर ती कंपनी मागे पडली तरी तो बदल टिकतो. सगळ्यात आधी शोध लावणं, सगळ्यात जास्त खप असणं, ह्या गोष्टी वेगळ्या. मागचा सत्तर वर्षांचा इतिहास बघितला तर पहिला आलेला आणि बाजार हलवणारा बऱ्याचदा एक नसतोच.

सुरुवात ट्रान्झिस्टरपासून करू, म्हणजे रेडिओच्या आत सिग्नल मोठा करणाऱ्या छोट्या भागापासून. अमेरिकेतल्या बेल लॅब ह्या प्रयोगशाळेत तो तयार झाला डिसेंबर १९४७ मधे. त्याचा छोटा रेडिओ करून पहिल्यांदा विकला अमेरिकेत, १९५४ साली, नाव रीजन्सी टीआर-१, किंमत ४९.९५ डॉलर. त्याच्या मागे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स होती, पण तिला खरा रस ट्रान्झिस्टर विकण्यात होता, रेडिओचा धंदा वाढवण्यात नव्हता. तिकडे जपानमधे टोकियो त्सुशिन कोग्यो नावाची एक छोटी कंपनी होती, तिने २५,००० डॉलर मोजून ट्रान्झिस्टरचं लायसन्स घेतलं, आणि लायसन्स देणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकवाल्यांचं म्हणणं होतं की घरगुती वापरात ह्याचा उपयोग फार तर कानाच्या मशीनला होईल. ह्या कंपनीचा रेडिओ आला १९५५ मधे, म्हणजे अमेरिकेच्या मागून, आणि १९५७ च्या टीआर-६३ ने परदेशात जम बसवला. १९५८ मधे कंपनीने नाव बदलून सोनी केलं.

आपल्याकडे तोपर्यंत रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, फळीवर ठेवलेला, वर भरतकामाचं कापड, आणि त्याचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचं. ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ घरातून उठून शेताच्या बांधावर, पानाच्या टपरीवर, गोठ्यात गेला. मर्फी, बुश, फिलिप्स, सगळ्यांनाच सेलवर चालणारं मॉडेल काढावं लागलं.

मग कॅसेट. ही फिलिप्सची, १९६३ ची. आणि इथे फिलिप्सने जे केलं ते मला फार मोठं वाटतं. तेव्हा टेपचे वेगवेगळे प्रकार बाजारात भांडत होते, फिलिप्सने दुसऱ्या कंपन्यांना ही कॅसेट फुकट बनवू दिली, अट एकच, माप आणि दर्जा आमचाच पाळायचा. त्यामुळे जपानी टेपरेकॉर्डरमधे जर्मन कॅसेट चालायची आणि पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेली शास्त्रीय संगीताची कॅसेट अमेरिकेतल्या टेपमधेही तशीच वाजायची. स्वतःचं माप कुलपात ठेवून ट्रेंड होत नाही असं मी म्हणणार नाही, ॲपलने ते करून दाखवलंय, पण फिलिप्सचा रस्ता जास्त लोकांच्या उपयोगाचा ठरला हे नक्की. व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीतही तसंच, सोनीचा बीटामॅक्स हा प्रकार १९७५ मधे आला आणि जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६ मधे, म्हणजे मागून, पण जेव्हीसीने बऱ्याच कंपन्यांना सोबत घेतलं आणि एका कॅसेटमधे जास्त वेळ रेकॉर्डिंग बसवलं. आपल्याकडे गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत ज्या कॅसेट भाड्याने मिळायच्या त्या व्हीएचएसच्या.

सोनीच्या वॉकमनवर, म्हणजे अंगावर लावून फिरता येईल अशा छोट्या कॅसेट प्लेअरवर, मात्र थोडं थांबायला हवं, कारण ट्रेंड कसा तयार होतो ते त्याच्यात सगळं दिसतं. सोनीकडे आधीपासून प्रेसमन नावाचा पत्रकारांसाठीचा छोटा रेकॉर्डर होता. सोनीचे संस्थापक मासारू इबुका ह्यांना विमानप्रवासात स्टिरिओ गाणी ऐकायची होती, म्हणून त्या प्रेसमनमधून रेकॉर्डिंगचा भाग आणि स्पीकर काढून टाकले आणि स्टिरिओ बसवलं. कंपनीतच लोक म्हणायला लागले की ज्याच्यात रेकॉर्ड होत नाही असा टेप घेणार कोण. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता अडून बसले. त्याच वेळी सोनीच्याच दुसऱ्या विभागात हलक्या हेडफोनचं काम चालू होतं, आधीचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असायचे, हा पन्नास ग्रॅमच्या आसपास. हा हेडफोन नसता तर वॉकमन घालून कोणी रस्त्याने चाललं नसतं, पण श्रेय देताना लोक फक्त मशीनचं नाव घेतात.

१ जुलै १९७९ ला तो जपानमधे विकायला आला, किंमत ३३,००० येन. त्या पहिल्या मॉडेलवर हेडफोनच्या दोन पिना लावायची सोय होती आणि एक केशरी बटण होतं, ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याशी बोलता यायचं. मोरितांना वाटत होतं की एकट्याने कानात घालून ऐकणं बरं दिसत नाही. लोकांनी मात्र ते एकट्यानेच ऐकलं, आणि सोनीने ते लक्षात घेऊन पुढे ते बटण काढूनही टाकलं. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० नग गेले, मग कंपनीने तरुण मुलंमुली टोकियोच्या रस्त्यांवर वॉकमन लावून फिरवली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानाला लावून ऐकवलं, आणि ऑगस्ट संपेपर्यंत पहिले ३०,००० संपले. आंद्रेआस पावेल नावाच्या माणसाने असंच अंगावर लावायचं यंत्र सोनीच्या आधीच १९७२ मधे तयार केलं होतं, त्याच्याशी सोनीला शेवटी तडजोड करावी लागली. म्हणजे इथेही पहिली सोनी नव्हती. काय काढून टाकायचं हे तिने ठरवलं, मग लोक ते कसं वापरतात ते बघितलं आणि पुढच्या मॉडेलमधे तसं केलं. मला विचाराल तर तिचं मोठेपण इथे आहे.

मग हीच सोनी एमपीथ्रीच्या, म्हणजे छोट्या फाइलमधे साठवलेल्या गाण्यांच्या वेळी मागे का पडली? १९८८ मधे तिने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती, म्हणजे गाणी विकणारी कंपनी आता तिच्याच घरात. त्यामुळे गाणी कॉपी होतील ह्याची धास्ती, स्वतःचा एट्रॅक फॉरमॅट, स्वतःची मेमरी स्टिक, आणि साधं एमपीथ्री तिच्या प्लेअरमधे थेट वाजायला २००४ उजाडलं. कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ १९९८ मधेच येऊन गेले होते, पण त्यांच्यात गाणी मावायची डझनभर. २००१ च्या सुरुवातीला ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन तोशिबाकडे गेले होते, तिथे त्यांना १.८ इंची छोटी हार्ड डिस्क दाखवली, तोशिबाला स्वतःलाच तिचं काय करायचं हे नीट ठरलेलं नव्हतं. त्यांनी ती ॲपलसाठी राखून घेतली आणि २३ ऑक्टोबर २००१ ला ५ जीबीचा आयपॉड आला, हजार गाण्यांचा, ३९९ डॉलरला. पण मला वाटतं खरा धक्का एप्रिल २००३ चा, आयट्यून्स स्टोअरचा, ९९ सेंटला एक गाणं. वस्तू, गाणी आणि दुकान तिन्ही एका हातात आलं.

आयफोनबद्दल एवढं लिहून झालंय की मी थोडक्यात आवरतो. टचस्क्रीन फोन आधीही होते, आयबीएमचा सायमन १९९४ चा, एलजीचा प्राडा आयफोनच्या आधी जाहीर झालेला. जानेवारी २००७ मधे आयफोन दाखवला तेव्हा त्याच्यात ॲप स्टोअर नव्हतं, ते जुलै २००८ मधे आलं, आणि तिथून फोन म्हणजे कीपॅड ही समजूतच गेली. आपल्याकडे ऑगस्ट २००८ मधे एअरटेल आणि व्होडाफोनने तो ३१,००० रुपयांना आणला, आणि एवढे पैसे फोनला घालणारी माणसं तेव्हा मोजकीच होती. पण ॲपलने सगळे ट्रेंड ठरवले असंही नाही हां. २०११ मधे सॅमसंगने ५.३ इंचाचा गॅलेक्सी नोट काढला तेव्हा लोक हसले, आणि २०१४ मधे ॲपललाच मोठ्या स्क्रीनचा आयफोन काढावा लागला. उलट २०१६ मधे ॲपलने हेडफोनचं भोक काढून टाकलं, लोक चिडले, स्पर्धकांनी चेष्टा केली, आणि काही वर्षांत त्यांच्याच महागड्या फोनमधून ते गेलं आणि इअरबडचा बाजार उभा राहिला.

आता आपला भाग, जो ह्या इतिहासात नेहमी वगळला जातो आणि मला ते खटकतं. सगळे ट्रेंड महागड्या फोनमधून खाली येतात हे खरं नाही. नोकिया ११०० हा २००३ चा फोन, धूळ बसली तरी चालणारा कीपॅड, घट्ट धरता येईल अशी पाठ, आणि टॉर्च. लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना त्या टॉर्चची किंमत वेगळी सांगायला नको. जगभरात २५ कोटींच्या वर खपला तो. मग ड्युअल सिम. इथे एक नंबर गावाकडच्या स्वस्त कॉलसाठी, एक कामाचा, अशी सवय होती, ती मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी आणि चायना फोनवाल्यांनी ओळखली, नोकियाने उशीर केला आणि तिथे गिऱ्हाईक हातचं गेलं. ॲपलने ड्युअल सिम दिलं ते २०१८ मधे. २०१४ मधे शाओमीने एमआय ३ फक्त फ्लिपकार्टवर, १३,९९९ ला, फ्लॅश सेलमधे विकला, आणि दुकान, शोरूम, होर्डिंग न करता फोन विकता येतो हे बाकीच्यांना मान्य करावं लागलं.

फसलेलेही बघा. २०१० च्या आसपास थ्रीडी टीव्हीचा केवढा गाजावाजा होता, सोनी, सॅमसंग, एलजी सगळ्यांचे होते, घरात बसून चष्मा लावायला लोक तयार झाले नाहीत आणि २०१७ पर्यंत ते बंदही पडले. २०१६ मधे एलजीने भारतात डास पळवणारा टीव्ही आणला होता, गरज अगदी खरी, पण बाकीच्यांना आपले टीव्ही बदलायची वेळ काही त्याने आणली नाही.

एलजीचं नाव निघालंच आहे तर, पुण्याजवळ रांजणगाव एमआयडीसीत एलजी आहे, हायर आहे, व्हर्लपूल आहे. नगर रोडने जाताना त्यांचे कंटेनर रोज दिसतात. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन इथे जोडले जातात, चांगले जोडले जातात, आपली कितीतरी पोरं तिथे लायनीवर आणि क्वालिटीला आहेत. पण पुढच्या वर्षीच्या मॉडेलमधे काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मुख्यतः सोलला एलजीच्या आणि चिंगदाओला हायरच्या मुख्य ऑफिसात ठरतं, आणि मला हे मनापासून लागतं. कारण फक्त डिझायनर नाहीत असं नाहीये, डिझायनर आहेत, हिंजवडीत इंजिनिअर तर आहेतच आहेत. कारण वर तोशिबाच्या डिस्कच्या गोष्टीत आलंच. नवीन पार्ट ज्याला सगळ्यात आधी दिसतो आणि तो राखून घ्यायची ज्याची ऐपत असते तो ट्रेंड ठरवतो. टीव्हीचं पॅनेल आपल्याकडे बाहेरून येतं, फोनची मुख्य चिप बाहेरून येते. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी ह्यांच्या चिप कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मधे झाली, तिथे २८ नॅनोमीटर (हा आकडा जितका लहान तितकी चिप नव्या पिढीची) आणि त्याहून जुन्या प्रकारच्या चिप करायचं ठरलंय. महागड्या फोनचा प्रोसेसर त्यात बसत नाही, पण डिस्प्ले चालवणाऱ्या आणि वीज सांभाळणाऱ्या चिप, ज्या टीव्ही-वॉशिंग मशीनमधे लागतात, त्या बऱ्याचशा ह्याच वर्गातल्या असतात.