पार्श्वभूमी : ऊतींच्या आलेखावरचे ४ टक्के आले कुठून?

भातकापणी उरकून शेते मोकळी झाली की फोंडा-डिचोलीकडच्या गावांत फुटबॉल रंगू लागतो आणि ‘लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) गेले’ हेही मागोमाग कानावर येते. अशा दुखापतींविषयी शिकवताना फळ्यावर जो स्ट्रेस-स्ट्रेन आलेख (किती ताण दिला की ऊती मूळ लांबीच्या किती टक्के लांबते, हे दाखवणारा) काढतात, त्यावर बहुधा ४ टक्के वाढीपाशी एक उभी रेघ असते. अलीकडे सुरक्षित, पलीकडे तंतू तुटायला सुरुवात. रेघ ज्या ठामपणे मारली जाते, तेवढा तिचा पाया पक्का नाही.

धातूंच्या तारा ताणून पाहण्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शरीराकडे ही पद्धत नीट वळली ती १८४७ च्या सुमारास, पॅरिसमध्ये. पणजीत वैद्यकीय शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. मृतदेहांतली हाडे, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर), स्नायू, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या ताणून मोजल्या गेल्या. हाडाचा आलेख सरळ आला. मऊ ऊतींचा वाकडा, आधी आडवा पसरणारा आणि मग चढणारा. हा बाक का, याचे चांगले उत्तर मिळायला १९५७ उजाडले. माणसाच्या धमनीचे तुकडे घेऊन काहींतले इलास्टिन हे लवचिक प्रथिन ट्रिप्सिन या पाचक विकराने काढले, काहींतले कोलाजेन हे चिवट प्रथिन फॉर्मिक आम्लाने. सुरुवातीचा हलका ताण इलास्टिन पेलते, शेवटचा चढ कोलाजेनचा, हे त्यातून दिसले.

आणि मग १९५९. उंदराच्या शेपटीतले टेंडन प्रयोगाला फार सोयीचे. ओढले की लांब, बारीक, एकसारखे धागे निघतात आणि चिमट्यात सहज बसतात. सैल धाग्यातले कोलाजेन नागमोडी असते. काथ्याच्या दोरीचा सैलपणा आधी निघावा आणि मगच ती ताठ व्हावी, तसे आलेखाच्या पायथ्याशी घडते. सुमारे ४ टक्क्यांच्या आत धागा ताणून सोडला तर पुढच्या वेळी तोच आलेख पुन्हा मिळतो; त्यापुढे गेले तर मिळत नाही. प्रयोगाचे म्हणणे एवढेच होते. पाठ्यपुस्तकांत शिरताना ते माणसाच्या सगळ्या टेंडन-लिगामेंटांची मर्यादा होऊन बसले, आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

एक तर शेपटीचे टेंडन धावण्या-उडीचा भार पेलत नाही. दुसरे, शून्य कुठे धरायचे हे प्रयोग करणाराच ठरवतो: नमुना सैल असताना, की किंचित ताण दिल्यावर? आधीचा सैलपणा मोजला की नाही, यावरच टक्का-दोन टक्के सहज इकडचे तिकडे होतात. तिसरे, चिमट्यापासून चिमट्यापर्यंत मोजलेली वाढ आणि मधल्या भागाची खरी वाढ सारखी नसते. टोके घसरतात, तिथेच जास्त ताणतात. शिवाय पहिल्या काही ओढींचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून ते बाजूला ठेवून नंतरचा स्थिर आलेख नोंदवायची प्रथा पडली. मोजमापासाठी ती योग्यच आहे, पण मैदानावरचा पाय पहिल्या ओढीलाच सापडतो.

अल्ट्रासाउंडने जिवंत माणसाचे टेंडन हलताना मोजता येऊ लागले, तेव्हा वाद चिघळला. २००५ मध्ये एका पायावर उड्या मारणाऱ्या निरोगी माणसांत टाचेच्या टेंडनची वाढ सरासरी ८ टक्क्यांच्या वर मोजली गेली. जुना आकडा मानणारे म्हणतात, अल्ट्रासाउंडमध्ये स्नायू-टेंडनचा सांधा हलतो, टेंडनची वाट वळते, त्यामुळे आकडा फुगतो. त्यात तथ्य आहे. तरीही धडधाकट पाय रोज जिथे जाऊन परत येतो, तिथे तुटण्याची रेघ मारणे मला पटत नाही.

याच रेघेवर स्ट्रेचिंगचा एक समजही उभा राहिला: तिच्या थोडे पलीकडे ताणले की ऊती कायमची लांबते. २०१० मधल्या एका आढाव्याने याला मोठा धक्का दिला. काही आठवड्यांच्या स्ट्रेचिंगने सांधा जास्त वाकतो, पण बहुतेक प्रयोगांत आलेखाचा आकार तोच राहतो. वाढते ती ताण सहन करण्याची तयारी.

आकार खरोखर बदलतो तो पाय जखडून ठेवल्यावर. १९७४ च्या प्रयोगात माकडांना ८ आठवडे हालचाल करू दिली नाही, तर गुडघ्याच्या लिगामेंटची तुटेपर्यंत भार पेलण्याची ताकद सुमारे ३९ टक्क्यांनी घटली. पुन्हा हालचाल सुरू करून ५ महिने झाले तरी ती पूर्ण परतली नव्हती. पट्टी निघाल्यावर खेळाडू विचारतो, पुढचा सामना कधी खेळू? त्याचे उत्तर ४ टक्क्यांच्या रेघेपेक्षा या प्रयोगात अधिक सापडते.