बैल सोडलेली गाडी: कॅम्पवर उभा केलेला ट्रेलर जागेवर कसा राहतो

बैलगाडीचे बैल सोडले की धुरा जमिनीला टेकते. मागे माल जास्त भरला असेल तर उलटं होतं, गाडी उलाळते आणि धुरा वर जाते. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेला सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली दगड दिसतो, तोही याच प्रश्नाचा उपाय. ओढणारा सुटल्यावर चाकांवरचं ओझं कसं वागेल, हा तो प्रश्न. अमेरिकेत सुट्टीला निघालेलं कुटुंब पिकअप ट्रकमागे साडेसात मीटर लांबीचं, तीन टनांचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, जोडून नेतं, तेव्हा मुक्कामाच्या जागी त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो. फक्त इथे गाडीत चूल, संडास आणि रात्री झोपलेली माणसं असतात.

प्रश्न खरं तर दोन आहेत आणि लोक ते एकत्र करतात. ट्रेलर घरंगळणं हा एक, आणि जागच्या जागी डुलणं हा दुसरा. दुकानातली बहुतेक महागडी साधनं डुलणं थांबवण्यासाठी विकली जातात. जीव मात्र घरंगळण्याने जातो, आणि त्यावरचा इलाज सगळ्यात स्वस्त आहे.

ब्रेक आहेत, पण उभं राहण्यासाठी नाहीत

3,000 किलोचा ट्रेलर 3 टक्के उतारावर उभा आहे असं धरा. 10 मीटरला 30 सेंटीमीटर, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ सपाटच. एवढ्या उतारावर ट्रेलर सुमारे 90 किलोच्या जोराने खाली ओढला जातो. टायर लोळताना जो विरोध करतात तो वजनाच्या एक-दीड टक्का, म्हणजे 30 ते 45 किलो. उरलेला जोर ट्रेलरला चालवायला पुरेसा आहे.

युरोपातल्या कॅरॅव्हॅनला पुढे हँडब्रेकचा दांडा असतो. अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलरला तो बहुधा नसतोच. त्याच्या ड्रममध्ये विजेवर चालणारे चुंबक असतात आणि त्यांना ब्रेकचा करंट ओढणाऱ्या गाडीकडून मिळतो. प्लग काढला की ब्रेक गेले. मग काहीजण शक्कल लढवतात: ट्रेलर रस्त्यात तुटून निसटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून असलेली पिन ओढून ठेवतात. ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात, पण प्रत्येक चुंबक साधारण 3 अँपिअर खातो, चार चाकांचे मिळून 12 अँपिअर. बॅटरी काही तासांत बसते आणि चुंबक तापतात ते वेगळंच. व्यावसायिक वाहनांसाठीच्या अमेरिकी संघीय नियमातही या व्यवस्थेकडून फक्त 15 मिनिटं ब्रेक धरून ठेवण्याची अपेक्षा आहे. रात्रभराची जबाबदारी तिच्यावर टाकणं चूकच.

राहिले चाकाखालचे चॉक, म्हणजे दगडाचे सुधारलेले भाऊबंद. इथे उंचीला फार महत्त्व आहे. 72 सेंटीमीटर व्यासाच्या आणि 700 किलो भार असलेल्या चाकाला 5 सेंटीमीटरचा अडथळा चढायला सुमारे 410 किलोचा आडवा जोर लागतो. अडथळा 10 सेंटीमीटरचा असेल तर 670 किलोचा. गणित असं सांगतं की चाक चॉकवर सहजी चढणार नाही. प्रत्यक्षात बिघडतं ते दुसरीकडे: चॉकच घसरतो. खडीवर, ओल्या गवतावर किंवा गुळगुळीत फळीवर ठेवलेला हलका प्लास्टिकचा चॉक चाकाबरोबर सरकत जातो. म्हणून जड रबरी चॉक घ्यावेत, दोन्ही बाजूंच्या चाकांना लावावेत, प्रत्येक चाकाला पुढून आणि मागून, आणि टायरला चिकटेपर्यंत पायाने किंवा हातोडीने ठोकून बसवावेत. चाक आणि चॉक यांच्यात बोटभर फट राहिली तर ट्रेलर तेवढा सरकून चॉकवर आदळतो, आणि नेमका हुक सुटण्याच्या क्षणी आदळतो.

आधी आडवं, मग उभं

क्रम चुकला की मागे येता येत नाही. डावी-उजवी पातळी ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच साधावी लागते, कारण खालच्या बाजूची चाकं फळ्यांवर चढवायला गाडीच लागते. पुढची-मागची पातळी नंतर ट्रेलरच्या पुढच्या टोकाला असलेल्या जॅकने साधता येते.

किती फळ्या लागतील याचा अंदाज घेत बसू नये. गवंडी वापरतात तशी 60 सेंटीमीटरची पाणसळ ट्रेलरच्या दारातल्या फरशीवर आडवी ठेवावी आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिचं खालचं टोक उचलावं. टोक 1 सेंटीमीटर उचलावं लागलं आणि दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर 180 सेंटीमीटर असेल, तर चाकाखाली तिप्पट, म्हणजे 3 सेंटीमीटर लागतील. अमेरिकेत ‘दोन बाय आठ’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात 38 मिलिमीटर जाड असते, तेव्हा एक फळी पुरे. एका बाजूला दोन चाकं असतील तर दोन्ही चढवायची. एकच चढवली तर भार विषम वाटला जातो आणि टायर व कमानपाटे विनाकारण ताणले जातात. टायरची पूर्ण रुंदी फळीवर यायला हवी. अर्धा टायर हवेत राहिला तर त्याच्या आतल्या पोलादी तारांवर चुकीचा ताण येतो.

पातळीचा एवढा सोस कशाला? अंथरुणात डोक्याकडे रक्त उतरू नये हे एक कारण, पण मोठं कारण फ्रिज. गॅसवर चालणारा शोषण-फ्रिज 1922 साली स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तयार केला. त्यात पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत फिरत राहतात. ज्योतीने तापलेल्या भांड्यातून अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव होते, हायड्रोजनच्या सहवासात पुन्हा उडते आणि जाताना उष्णता शोषते. शेवटी पाण्यात विरघळून ती हलक्या उताराच्या नळ्यांतून खाली भांड्यात परतते. हा परतीचा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालतो. फ्रिज कलला की द्रव मधेच साचतो, भांडं कोरडं पडून जास्त तापतं, गंजू नये म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट घट्ट होऊन नळी चोंदते. तो फ्रिज मग सरळ उभा करूनही सुधारत नाही. बऱ्याच मॉडेलांच्या पुस्तिकेत एका दिशेला 3 अंश आणि दुसऱ्या दिशेला 6 अंश एवढीच मुभा असते. 180 सेंटीमीटर अंतरावर 3 अंश म्हणजे सुमारे 9 सेंटीमीटर. चालत्या ट्रेलरमध्ये हा त्रास होत नाही, कारण हेलकाव्यांनी द्रव साचून राहत नाही. नव्या ट्रेलरमध्ये 12 व्होल्टचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज वाढले आहेत. त्यांना कलण्याचं एवढं वावडं नाही.

आडवी पातळी साधली की चॉक लावायचे. मग एक छोटी युक्ती: सहकाऱ्याला बाजूला उभं करून, ओढणारी गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकायची, ट्रेलरला चॉकवर टेकू द्यायचं, आणि लगेच गाडीचा हँडब्रेक ओढायचा. ट्रेलर तसूभर सरकेल, पण हुक अडकलेला असतानाच सरकेल. इथेच चॉक सुटले तरी हरकत नाही, ट्रेलर अजून गाडीला बांधलेला आहे. चॉक पुन्हा ठोकून घ्यायचे. वजन वाटणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या असतील तर हुक न सोडता पुढच्या जॅकने ट्रेलरचं टोक गाडीच्या मागच्या भागासकट वर उचलायचं, म्हणजे दांड्यांवरचा ताण उतरतो. ताणलेली दांडी तशीच सोडवायला गेलं की ती उसळून हात किंवा जबडा फोडते. त्यानंतर हुक उघडायचा, जॅकने पुढचं टोक बॉलच्या, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर हुक बसतो त्याच्या, वर उचलायचं, गाडी पुढे घ्यायची आणि मग पुढची-मागची पातळी करायची.

पाय टेकवायचे, उचलायचं नाही

आता डुलणं. सगळी पातळी साधून आत शिरलं की 70 किलोचा माणूस स्वयंपाकघरातून बिछान्याकडे जाताना पूर्ण ट्रेलर हलतो. कारण सरळ आहे. तीन टन वजन कमानपाट्यांवर आणि हवेच्या टायरांवर तरंगतंय, आणि स्प्रिंगचं कामच हलणं आहे. त्यातही हालचाली तीन: वर-खाली, डावी-उजवी, आणि पुढे-मागे. तिन्हींचा इलाज एक नाही.

चार कोपऱ्यांचे स्थिरक जॅक पहिलीवर चांगलं काम करतात. कैचीसारख्या जॅकवर दोन-अडीच टनांचा आकडा छापलेला असतो आणि तो वाचून लोक त्याने ट्रेलर उचलायला लागतात. हा आकडा जॅक किती सोसेल याचा आहे, चौकट किती सोसेल याचा नाही. ट्रेलरची चौकट आसाजवळ आधार मिळेल या हिशोबाने बनवलेली असते. कोपऱ्यातून उचलली की ती पिळवटते. त्याची पहिली खूण दाराकडे दिसते: काल सहज लागणारं दार आज चौकटीला घासतं. असं झालं तर जॅक ढिले करून पुन्हा बसवायचे. जॅकचा पाय जमिनीला लागल्यावर साधारण अर्धा ते एक फेरा पुरे. कॉर्डलेस ड्रिलने फिरवत असाल तर क्लच हलक्या आकड्यावर ठेवा; ड्रिलला कुठे थांबायचं ते कळत नाही.

पायाखाली फळी हवीच. 250 किलो भार 10 बाय 10 सेंटीमीटरच्या पायावर आला तर दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो पडतात. 30 बाय 30 ची फळी ठेवली की ते 0.28 वर येतात. रात्री पाऊस पडला की एक पाय मातीत रुततो आणि सकाळी ट्रेलर तीन पायांवर लंगडतो, त्याचं कारण बहुधा एवढंच.

पण पाय खाली घेऊनही ट्रेलर पुढे-मागे हलत राहतो, आणि लोक पाय आणखी आवळतात. त्याने काही होत नाही. उभा पाय आडव्या ढकलण्यापुढे दुबळा असतो. जुन्या बाजेचे चारही पाय शाबूत असून ती एका बाजूला कलते, तसंच हे. चौकोन बिजागरीसारखा मोडतो, त्रिकोण मोडत नाही. म्हणून पायाच्या तळापासून चौकटीपर्यंत तिरका टेकू बांधला की फरक लगेच जाणवतो; काही कंपन्या असे टेकू तयार विकतात.

दुसरा उपाय एक्स-चॉक. एकामागे एक असलेल्या दोन चाकांच्या फटीत हा पसरून घट्ट बसतो. यातली गंमत पाहण्यासारखी आहे. दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरू लागली तर समोरासमोर आलेल्या कडांपैकी एक वर जाते आणि दुसरी खाली. मधे अडकलेल्या चॉकला दोन्हीकडून उलट ओढ बसते आणि कोणतंच चाक फिरू शकत नाही. पण चाक अख्खं घसरू लागलं तर एक्स-चॉक ते अडवत नाही, म्हणून जमिनीवरचे चॉक काढायचे नाहीत. दुसरी खोड थंडीची: तापमान 5-6 अंश सेल्सिअसने उतरलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआय कमी होतो, टायर आक्रसतो आणि संध्याकाळी घट्ट बसवलेला एक्स-चॉक पहाटे हाताने हलतो. तो सकाळी एकदा पुन्हा आवळावा.

वारा

हे सगळं करूनही ट्रेलर जमिनीला बांधलेला नसतो. पाय दाबून धरतात, ओढून धरत नाहीत. ताशी 100 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे 47 किलोचा दाब देतो. साडेसात मीटर लांब आणि 2.6 मीटर उंच बाजूवर, पेटीसारख्या आकाराचा हिशोब धरून, तो 1,100 किलोच्या आसपास जातो. हा जोर जमिनीपासून 1.8 मीटरवर लागतो असं धरलं तर 3,000 किलोचा भरलेला ट्रेलर साधारण 115-120 च्या वाऱ्यात उलटायच्या बेताला येतो. 2,000 किलोचा रिकामा ट्रेलर मात्र 95 लाच. झोत क्षणिक आणि उसळते असतात, म्हणून या आकड्यांच्या जवळ जायची वाट पाहू नये.

तोंड वाऱ्याकडे असेल तर वाऱ्यासमोरची जागा एक-तृतीयांशावर येते. हा सर्वांत मोठा लाभ, आणि तो जागा निवडतानाच मिळवता येतो. मग छत्रीसारखं पुढे येणारं कापडी छत गुंडाळायचं, भिंतीतून बाहेर सरकवलेले कक्ष आत घ्यायचे, आणि पाण्याची टाकी भरायची: 150 लिटर म्हणजे 150 किलो, आणि तेही खालच्या पातळीला. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटसारख्या उघड्या वाळवंटात हिवाळी मुक्काम करणाऱ्यांना छत वेळेत गुंडाळणं अंगवळणी पडलेलं असतं. चक्रीवादळाचा इशारा आला तर मात्र यातलं काहीच करत बसायचं नाही, ट्रेलर सोडून पक्क्या इमारतीत जायचं.

कुलुपाबद्दल एवढंच: गाडीपासून सुटलेला ट्रेलर कोणीही आपल्या बॉलवर टाकून नेऊ शकतो. हुकाच्या तोंडाला कुलूप आणि चाकाला अडसर, दोन्ही लावावेत, कारण एक तोडायला लागणारा वेळ चोराला परवडतो.

निघताना हाच क्रम उलटा. कक्ष आत, पाय वर, पुढचं टोक बॉलवर, हुक बंद, वायर आणि साखळ्या जोडलेल्या, पुढचा जॅक पूर्ण वर. हुक खरोखर बसलाय का हे जॅकने पुढचं टोक किंचित उचलून पाहावं: गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर बसलाय. चाकाखालचे चॉक सगळ्यात शेवटी काढायचे, आणि ते डिकीत टाकल्यावर ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारायची, कारण रस्त्यावर घासत जाणारा पाय ड्रायव्हरच्या आरशात दिसत नाही.