बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्र कुठून आले

या विषयाची घराणी दोन. पहिले वैद्यकाचे. १९४७ची न्यूरेम्बर्ग संहिता, १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा आणि १९७९चा बेलमॉन्ट अहवाल या तिन्हींचा रोख माणसांवरच्या प्रयोगांकडे होता: संमती घेतली का, नीट समजावून घेतली का, प्रयोगाचा बोजा कोणावर आणि लाभ कोणाला. दुसरे घराणे अभियंत्यांचे. पूल कोसळला, बॉयलर फुटला तर जबाबदार कोण, हा त्यांचा जुना प्रश्न. डॉक्टरच्या समोर रुग्ण बसलेला असतो; उपकरण घडवणाऱ्याला तो बहुधा कधीच दिसत नाही. शिकवताना होणारी बरीचशी ओढाताण या एका फरकातून येते.

दोन्ही घराणी प्रथम ठळकपणे एकत्र आली ती सिॲटलमध्ये. १९६० साली डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारा टेफ्लॉनचा शंट, म्हणजे रक्तवाहिन्यांना जोडलेली नळी, वापरात आणला. तोवर प्रत्येक डायलिसिससाठी नव्याने रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे उपचार थोड्या दिवसांच्या दुखण्यापुरताच होता. आता मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूसही वर्षानुवर्षे जगू शकत होता; पण यंत्रे मोजकी. यंत्र कोणाला द्यायचे हे ठरवायला एक समिती बसली, तीत बहुतेक सामान्य नागरिक. उत्पन्न, मुलेबाळे, समाजातले स्थान असल्या गोष्टी तिने विचारात घेतल्या आणि १९६२मध्ये हे छापून आल्यावर गदारोळ झाला. काही इंच नळीने आधी अस्तित्वातच नसलेला प्रश्न उभा केला होता.

पुढचा धडा डालकन शील्ड या गर्भनिरोधक साधनाचा. त्याचा शेपटीसारखा धागा एकसंध नव्हता. आवरणात गुंडाळलेले अनेक बारीक तंतू होते आणि वातीतून तेल चढावे तसे त्यांतून जंतू गर्भाशयापर्यंत चढत. १९७४मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली. १९७६च्या कायद्याने तिथे वैद्यकीय उपकरणांचे धोक्यानुसार तीन वर्ग केले.

वर्गात सर्वाधिक वेळ द्यावा असे प्रकरण मात्र ब्यॉर्क-शायली बहिर्वक्र-अंतर्वक्र हृदयझडपेचे. १९७९ ते १९८६ या काळात ती सुमारे ८६,००० जणांना बसवली गेली. रक्तप्रवाह सुधारावा, गुठळ्या कमी व्हाव्यात हा आकार बदलण्यामागचा हेतू चांगलाच होता. पण चकती धरून ठेवणारा बाहेरचा आधार कड्याला वेल्ड केलेला होता. मिनिटाला ७० ठोके धरले तर झडप वर्षाला सुमारे ३.७ कोटी वेळा मिटते. काही झडपांत त्या आघातांनी वेल्ड थकून तुटला. चकती निसटली की मृत्यूचा धोका मोठा. वेल्डची चूक विद्यार्थी पाच मिनिटांत पकडतात. अवघड प्रश्न त्यानंतरचा: जिच्या छातीत झडप आहे आणि व्यवस्थित चालते आहे, त्या व्यक्तीला काय सांगायचे? काढून टाकायची तर पुन्हा हृदयाची शस्त्रक्रिया, आणि तिचाही धोका.

थेरॅक-२५ हे किरणोपचाराचे यंत्र सगळीकडे शिकवले जाते, आणि बरेचदा अर्धवट. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा बसली. ऑपरेटरने नोंद सुमारे आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केली तर सॉफ्टवेअरला बदल कळत नसे. तशीच चूक आधीच्या थेरॅक-२०मध्येही होती. तिथे हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे धोका होताच यंत्र अडवणारे अटकाव, होते, म्हणून फक्त फ्यूज उडत. नव्या यंत्रात ते काढून टाकले होते. सॉफ्टवेअरमधल्या चुकीपाशी, ‘बग’पाशी, थांबणारा तास वाया गेला असे समजावे. पडद्यावर नुसते ‘मालफंक्शन ५४’ दिसे, किरकोळ बिघाडांचे संदेश रोजचेच होते, आणि जादा मात्रा शक्यच नाही असे उत्तर निर्मात्याकडून मिळत होते. म्हणून या प्रकरणाचे कागद विद्यार्थ्यांना तारखेच्या क्रमाने द्यावेत आणि प्रत्येक टप्प्यावर ‘आज यंत्र बंद कराल का?’ असे विचारावे. शेवट आधी सांगितला की सगळेच शहाणे होतात.

अभ्यासक्रमात सक्ती आली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील मान्यता देणाऱ्या एबेट संस्थेने व्यावसायिक व नैतिक जबाबदारीची जाण हा पदवीच्या निष्पत्तींचा भाग केला. अनेक ठिकाणी त्याची पूर्तता पाहुण्याच्या एका व्याख्यानाने झाली. आयएसओ १४९७१ या धोका-व्यवस्थापनाच्या मानकाचा उपयोग इथे अधिक होतो. प्रकल्पाच्या तक्त्यात धोका, त्यातून संभवणारी इजा, तिची तीव्रता, शक्यता आणि उपाय भरताना ‘उरलेला धोका चालेल’ हे कोण ठरवते, तेही लिहावे लागते. क्रम महत्त्वाचा: आधी रचनेतच सुरक्षितता, मग संरक्षक योजना, सर्वांत शेवटी सूचना. विद्यार्थी हमखास उलटे जातात; इशाऱ्याचे लेबल चिकटवतात आणि ओळ मिटवतात.

अलीकडची दोन प्रकरणे तक्त्यात न बसणारी आहेत. २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासात बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरने रक्तातला प्राणवायू ९२ ते ९६ टक्के दाखवला असताना धमनीतील खरे प्रमाण ८८च्या खाली असल्याचे कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के मोजमापांत आढळले, गोऱ्यांच्या ३.६ टक्के. दुसरे आर्गस-२ या कृत्रिम दृष्टिपटलाचे: कंपनीने ते बनवणे थांबवले, पण ज्यांच्या डोळ्यांत ते बसवले होते त्यांच्या डोळ्यांत ते राहिलेच, सुटे भाग आणि दुरुस्ती कोणाकडे मागायची, हे त्यांना कळेना.