काकूंचा ईएसआर आणि घागरीतली तुरटी

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या शेजारच्या काकू परवा रिपोर्ट घेऊन आल्या. वय ६८. ईएसआर (रक्तातल्या तांबड्या पेशी तळाला बसण्याचा वेग) ३८, आणि शेजारी छापलेलं ‘० ते २०’. कुणीतरी “रक्तात इन्फेक्शन मुरलंय” म्हणून घाबरवलेलं, दुसऱ्यानं रक्तशुद्धीचा हळदीचा काढा सुचवलेला.

ही तपासणी अगदी साधी. न गोठणारं केलेलं रक्त बारीक उभ्या नळीत भरायचं आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं. स्वीडिश डॉक्टर वेस्टरग्रेननं १९२१ साली रुळवलेली ही पद्धत आजही प्रमाण मानतात. नळीत जंतू दिसत नाही, आजारही दिसत नाही. दिसतो फक्त बसण्याचा वेग.

आता कृष्णेचं पावसाळी गढूळ पाणी आठवा. घागरीत वाळू लगेच तळाला जाते, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही तरंगतेच. तिच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी फिरवली की प्रभार मारला जातो, कणांचे गोळे होतात आणि भराभर बसतात. तांबड्या पेशींवरही असाच ऋण प्रभार असतो, त्यांच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लामुळे. शरीरात कुठे दाह झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचं निरोप्या प्रथिन सोडतात, ते यकृताला फायब्रिनोजेन वाढवायला लावतं. हे लांबोडकं प्रथिन म्हणजे रक्तातली तुरटीच! त्याच्यामुळे पेशी एकीवर एक बसतात, भाकरीची चवड रचावी तशा. आणि स्टोक्सच्या नियमानं बुडण्याचा वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वजन घनानं वाढतं, पाण्याचा विरोध नुसता त्रिज्येच्या पटीत. गोळा दुप्पट जाड झाला की वेग चौपट.

पण तुरटी कुणी टाकली, हे घागर सांगत नाही. क्षय, संधिवात, दाताचा गळू, गरोदरपण, काहीही असू शकतं. सीआरपी (दाहात यकृत वाढवतं ते आणखी एक प्रथिन, त्याचीही रक्ततपासणी असते) त्या मानानं चपळ. दाह ओसरला की दर १९ तासांनी निम्मा होतो. फायब्रिनोजेनला निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात, म्हणून ताप जाऊनही ईएसआर रेंगाळतो. शंभरावर गेला, किंवा जोडीला ताप, वजन घटणं असेल, तर मात्र डॉक्टरांकडे लगेच जावं.

काढ्याचं म्हणाल तर सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातल्या (जमिनीखालच्या कोठारातल्या) हळदीचा मलाही अभिमान आहे. पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम शिरतं, आणि रक्त गाळायला मूत्रपिंडं आहेतच.

वयाबरोबर ईएसआर वाढतो. बायकांसाठी वरच्या मर्यादेचा ढोबळ हिशेब असा: वयात दहा मिळवून निम्मे करा. काकूंचे येतात ३९. शिवाय त्याच कागदावर वरच्या ओळीत हिमोग्लोबिन ९.२ होतं, म्हणजे कमीच. पेशी कमी, गर्दी कमी, म्हणजे बसणंही वेगानं. त्या ओळीबद्दल काकूंना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं.