पट्टा जितका घट्ट, तितका पॅडलबोर्ड सुरक्षित?

गाडीच्या टपावर पॅडलबोर्ड (पाण्यावर उभं राहून वल्हवायची लांब फळी) बांधताना ‘आवळ अजून!’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. सल्ला प्रेमाचा, पण चुकीचा. कडक बोर्ड आतून बहुधा हलक्या फोमचा असतो आणि वर फायबरग्लासचं पातळ कवच. रॅचेटच्या पट्ट्याला दांडा असतो. तो कट-कट करत फिरवला की हाताला कळायच्या आत इतका ताण येतो की कडेला खळगा पडतो, कधी बारीक तडा जातो. त्यातून पाणी आत शिरतं.

म्हणून साधा, हाताने ओढायचा कॅम बकलचा पट्टा घ्या. बोर्ड धरून हलवा: बोर्डाबरोबर गाडी हलली, तर झालं. पट्टा टपावरच्या रॅकच्या दांड्याखालून घ्या आणि दांड्यावर फोमची गादी हवीच.

मग बोर्ड उडतो कशामुळे? पुढून वारा बोर्डाखाली घुसून तो उचलतो. वेग ४० वरून ८० झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. लांब बोर्डाचं पुढचं टोक बॉनेटकडे वेगळ्या दोरीने बांधा. उभं राहायची बाजू खाली, फिन (बोर्डाच्या तळाचा पंखासारखा भाग) वर आणि पुढे. बोर्ड मागे सरकलाच तर फिन पट्ट्याला अडकते. पट्टा भणभणतोय? त्याला एक पीळ द्या. (तो आवाज डोकं उठवतो!)

हवेचा बोर्ड उन्हात फुगवून नेत असाल, तर थोडी हवा सोडा. २० अंशांवर १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला बोर्ड ५० अंशांवर १८ च्या आसपास जातो.